संकेतांकाची राखण

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शंभर वर्षे अखंड चालत आलेल्या या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर उभे राहताना मनात संकोच आहे. साहित्यिक, विद्वान आणि वक्ते यांच्या पंक्तीत बसण्याची माझी योग्यता नाही. एका वैद्यकीय संस्थेच्या नैतिकता समितीच्या कचेरीत कागद सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. कार्यवाहांनी निमंत्रण दिले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "माझ्यापाशी सांगण्यासारखे जे काही आहे ते केवळ क्रमांकांविषयीचे आहे." ते हसून म्हणाले, "ग्रंथालयाला क्रमांकांचे वावडे कसे असेल?" त्यांच्या या उत्तराचा आधार घेऊन एक रुक्ष वाटणारा विषय मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. संशोधनाच्या आराखड्यांची तपासणी ज्या संगणक-प्रणालीतून होते, तिच्यातील संदर्भ-संकेतांकांची राखण कशी करावी, हा तो विषय.

आरंभ माझ्या गावापासून करतो. मी आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीचा. पैनगंगेच्या अलीकडचा हा कापसाचा मुलूख. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि आठवडी बाजारात गोंडी-कोलामीही कानांवर पडायची. गावच्या एखाद्या वयोवृद्ध आजोबांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि ते आंध्र प्रदेशात गेले. २ जून २०१४ रोजी तेलंगणात आले. १९५६ सालीच आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे गेले, तामसी मात्र मागे राहिले. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये खुद्द आदिलाबाद जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. तामसी मंडळातून भीमपूर हे नवे मंडळ निघाले. एवढी सगळी उलथापालथ झाली, पण आजोबा आपल्या ओसरीवरून तसूभरही हललेले नाहीत. आमच्याकडच्या मोटारींच्या पाट्या पाहिल्या तरी हा इतिहास वाचता येतो. जुन्या गाडीवर एपी ०१, २०१४ नंतरच्या गाडीवर टीएस ०१ आणि मार्च २०२४ पासूनच्या नव्या गाडीवर टीजी ०१.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्यांना क्रमाने अंक दिले गेले. महाराष्ट्राचा शेवटचा जिल्हा सांगली, त्याचा अंक ५३१. त्याला लागून ५३२ हा अंक आदिलाबादचा. हा ५३२ म्हणजे अविभक्त आदिलाबाद. २०१२ साली एखाद्या संशोधकाने आपल्या आराखड्यात 'आदिलाबाद' असे लिहिले असेल, तर त्यात निर्मल आणि मंचेरियालही आले. आज त्याने तोच शब्द लिहिला तर ते येत नाहीत. म्हणजे नाव तेच राहिले, वस्तू बदलली. याच्या उलट प्रकार महाराष्ट्रात घडला. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. तेथे नाव बदलले, वस्तू तीच राहिली. शिवाय आमच्या तामसीशी एका वेलांटीने फरक असलेले तामसा हे गाव नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात आहे. घाईने लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून आमचे गाव किती वेळा नांदेड जिल्ह्यात गेले असेल, याची गणती नाही! नावावर विसंबून चालत नाही, म्हणून संकेतांक लागतो. आणि संकेतांकही आपोआप टिकत नाही, त्याची राखण करावी लागते.

ही राखण म्हणजे काय, हे ग्रंथालयाच्या सभासदांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. पुस्तक ग्रंथालयात आले की दाखल नोंदवहीत त्याला दाखल क्रमांक मिळतो. मग विषय पाहून वर्गांक दिला जातो. या दोन क्रमांकांचे स्वभाव भिन्न आहेत. वर्गांक सांगतो की पुस्तक कशाविषयी आहे. दाखल क्रमांक सांगतो की हे पुस्तक कोणते. वर्गांक विचारांती बदलता येतो, पुस्तक एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाऊ शकते. दाखल क्रमांक मात्र जन्मभराचा. पुस्तक हरवले, वाळवीने खाल्ले, रीतसर बाद केले, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. नोंदवहीतली ती ओळ खोडायची नाही. शेऱ्याच्या रकान्यात कारण, तारीख आणि सही घालायची. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. १८८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ग्रंथपालांना आश्वासन दिले की, यापुढे अंकांचे अर्थ स्थिर राहतील. ज्ञान वाढत गेले तसे ते आश्वासन पुढच्या संपादकांना पूर्णपणे पाळता आले नाही. परंतु रिकामा झालेला अंक लगेच दुसऱ्या विषयाला न देता काही काळ पडीक ठेवण्याची शिस्त त्यांनी बाळगली. शेतकरी जमीन पडीक ठेवतो तो तिचा कस वाढावा म्हणून. येथे अंक पडीक ठेवायचा तो जुना अर्थ लोकांच्या स्मरणातून ओसरावा म्हणून.

आता माझ्या कामाकडे येतो. माणसांवर कोणतेही वैद्यकीय संशोधन करायचे, तर त्याचा आराखडा आधी नैतिकता समितीपुढे ठेवावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यासंबंधी पहिले धोरण १९८० साली जाहीर केले. पुढे २०००, २००६ आणि २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. समितीत डॉक्टर असतात तसेच कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्राचे जाणकार आणि सामान्य नागरिकांचा प्रतिनिधीही असतो. ज्याच्यावर प्रयोग व्हायचा त्याला धोका किती, लाभ किती, त्याला सर्व गोष्टी त्याच्या भाषेत समजावल्या आहेत का, त्याने राजीखुशीने संमती दिली आहे का, हे समिती पाहते.

पूर्वी हे सारे फायलींत चाले. आता बहुतेक मोठ्या संस्थांत ते संगणकावर चालते. संशोधक प्रस्ताव भरतो, प्रणाली त्याला क्रमांक देते, आणि प्रस्तावाचे वर्णन ठरावीक कोष्टकांतून निवडलेल्या संकेतांकांनी होते. तपासणी पूर्ण समितीपुढे, त्वरित पद्धतीने की तपासणीतून सूट, धोका कोणत्या श्रेणीचा, निर्णय काय, विभाग कोणता, संमतिपत्र कोणत्या भाषेत व कितव्या आवृत्तीचे. यांतल्या प्रत्येक उत्तराला एक अंक असतो. साठवणीत राहतो तो हा अंक. पडद्यावर किंवा पत्रात शब्द दिसतात, ते प्रणाली त्या क्षणी कोष्टकातून शोधून आणते. म्हणजे कोष्टकात आज एक शब्द बदलला, तर दहा वर्षांपूर्वीच्या पत्राची नवी प्रत काढताना तिच्यातही तो शब्द बदललेला येईल. या एका वाक्यात सगळे धोके सामावले आहेत, आणि ते मी अनुभवाने शिकलो.

तो अनुभव सांगतो. दोष माझाच आहे. आमच्या निर्णयांच्या कोष्टकात ४ या अंकाचा अर्थ 'सशर्त मान्य. शर्त पूर्ण होईपर्यंत काम सुरू करू नये' असा होता. पुढे समितीने सशर्त मान्यता देणे बंद केले. अंक तीन वर्षे वापराविना पडून होता. त्याच सुमारास 'तपासणीतून सूट' या निर्णयासाठी नवा अंक हवा होता. मला टापटिपीची आवड. मधला अंक रिकामा आहे, तो का वाया घालवा, अशा विचाराने मी ४ समोरचा जुना शब्द पुसून नवा लिहिला. कोणी हरकत घेतली नाही. कोणाच्या ध्यानातही आले नाही.

दोन महिन्यांनी एका संशोधकाने जुन्या निर्णयपत्राची प्रत मागितली. मी छापून दिली. ती वाचून तो बुचकळ्यात पडला. पत्रात लिहिले होते की, त्याच्या प्रस्तावाला तपासणीची गरजच नाही. प्रत्यक्षात त्या प्रस्तावावर समितीने तास-दीड तास चर्चा केली होती, आणि ज्या गावांत काम व्हायचे तेथील माणसे मराठी बोलतात, सबब मराठी माहितीपत्रक तयार करून दाखवल्याशिवाय एकाही घरात पाऊल टाकू नये, अशी शर्त घातली होती. ती शर्त प्रणालीतून नाहीशी झाली होती. असे एकच पत्र नव्हते, तीस-चाळीस जुन्या प्रस्तावांचे तेच झाले होते. कोणी हेतुपुरस्सर खोटे लिहिले नव्हते. एका रिकाम्या अंकाचा पुनर्वापर झाला होता, इतकेच.

त्या वेळी आम्हाला वाचवले ते दोन गोष्टींनी. आमचे जुने मुख्य लेखनिक इतिवृत्ताची हस्तलिखित वही ठेवीत आणि तिच्यातली ओळ कधी खोडीत नसत. दुरुस्ती असेल तर लाल शाईने, तारखेसह, खाली लिहीत. दुसरे म्हणजे प्रणालीत प्रत्येक निर्णयाची तारीख होती. त्यामुळे मी बदल केला त्या दिवसाच्या आधीचे ४ आणि नंतरचे ४ वेगळे काढता आले. जुन्यांना त्यांचा अर्थ परत दिला, नव्यांना नवा अंक दिला, आणि सर्व संबंधितांना दुरुस्तीची पत्रे पाठवली. तारखा नसत्या तर हे दोन अर्थ दुधात मिसळलेल्या पाण्यासारखे झाले असते. लेखनिकसाहेब मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाबा, रिकामी ओळ ही रिकामी नसते."

त्यानंतर आम्ही काही नेम घालून घेतले. ते येथे सांगतो, कारण ते कोणत्याही नोंदवहीला लागू पडतात.

पहिला नेम असा की, एकदा दिलेला अंक पुन्हा कोणाला द्यायचा नाही आणि पुसायचाही नाही. तो निवृत्त करायचा. निवृत्त अंक नव्या प्रस्तावासाठी निवडीच्या यादीत दिसत नाही, पण जुन्या प्रस्तावावर त्याचा जुना अर्थ तसाच वाचता येतो.

दुसरा नेम, प्रत्येक अंकाच्या अर्थाला 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' अशा दोन तारखा हव्यात. आणि निवृत्त झाला असेल तर त्याच्या जागी कोण आला, याची नोंद हवी. याचा फार सुरेख नमुना भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आणि तो आमच्याच भागाशी निगडित आहे. तेथे जगातल्या भाषांना तीन अक्षरी संकेतांक दिलेले आहेत. मराठीचा एम-ए-आर. दक्षिणेकडील गोंडीला पूर्वी जी-जी-ओ असा एकच संकेतांक होता. अभ्यासाअंती तिच्यात दोन निराळ्या बोली मानल्या गेल्या. तेव्हा जुना संकेतांक कोणा एकीच्या पदरात न टाकता निवृत्त केला गेला. अहेरीच्या गोंडीला ई-एस-जी आणि आदिलाबादच्या गोंडीला डब्ल्यू-एस-जी असे दोन नवे संकेतांक मिळाले, आणि जुन्या नोंदीपाशी या दोघींकडे बोट दाखवणारा शेरा राहिला. आमच्या जिल्ह्याच्या बाबतीतही हाच धडा. चार भाग झाल्यावर जुना 'आदिलाबाद' निवृत्त करायला हवा आणि नवा 'आदिलाबाद' त्याच नावाने पण निराळ्या अंकाने घ्यायला हवा. उलट धाराशिवाचा अंक बदलायचा नाही. तेथे फक्त नावाच्या ओळीला नवी तारीख जोडायची.

तिसरा नेम, जुन्या वर्गवारीला बळेच नव्या साच्यात कोंबायचे नाही. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत धोक्याच्या चार श्रेणी सांगितल्या आहेत. आमच्या जुन्या कोष्टकात दोनच होत्या. जुन्या 'किमान धोका' या शेऱ्याखालचे प्रस्ताव नव्या चारांपैकी कोणत्या श्रेणीत पडतात, हे त्या प्रस्तावाचे कागद पुन्हा वाचल्याशिवाय सांगता येत नाही. मग ते न सांगणेच प्रामाणिकपणाचे. जुना निर्णय जुन्या मोजपट्टीनेच वाचावा.

चौथा नेम, क्रमांकात अर्थ कोंबू नये. आमच्या पहिल्या प्रणालीत प्रस्तावाच्या क्रमांकातच विभागाचे आद्याक्षर होते. एका विभागाचे दोन झाले आणि क्रमांक खोटे बोलू लागले. वर्ष आणि अनुक्रम एवढे पुरे. देशातील चिकित्सा-चाचण्यांची नोंदणी २० जुलै २००७ रोजी सुरू झाली, १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांना ती सक्तीची झाली. तिच्या क्रमांकात वर्ष, महिना आणि अनुक्रम एवढेच असते. ही गोष्ट अशी आहे की ती कधी बदलत नाही. बाकी सारे, म्हणजे विभाग, गाव, औषध, संशोधकाचे पद, बदलते. ते क्रमांकाबाहेर ठेवावे.

कोणी विचारील, एवढा आटापिटा कशासाठी? संशोधन संपल्यावर समितीने कागद तीन वर्षे आणि औषधचाचणीचे पाच वर्षे ठेवले की नियमाची पूर्तता होते. परंतु माणसांचे प्रश्न नियमाच्या मुदतीत येत नाहीत. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक फार मोठा अभ्यास झाला. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त प्रयत्न. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि विषाणूची एकदाच केलेली तपासणीदेखील मृत्यू कमी करते हे जगाला कळले. आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांचे हे जगाला देणे आहे. पुढे याच अभ्यासाविषयी, ज्या गटाची तपासणी झाली नाही त्या स्त्रियांना काय सांगितले गेले होते, असे प्रश्नही विचारले गेले. आरंभानंतर दहा-बारा वर्षांनी असे प्रश्न येतात. कोणाचे म्हणणे बरोबर, याचा निवाडा मी येथे करीत नाही. मी एवढेच म्हणतो की, असा प्रश्न आला की उत्तर कागदातच शोधावे लागते: कितव्या आवृत्तीचे माहितीपत्रक, कोणत्या भाषेतले, कोणत्या दिवशी, कोणत्या शर्तीवर मान्य झाले.

दुसरे उदाहरण आमच्या राज्यातले. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यांत आदिवासी वसतिगृहांतल्या मुली पुष्कळ होत्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने तो थांबवला, चौकशी झाली, आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कठोर अहवाल दिला. चौकशीत ९,५४३ संमतिपत्रे पाहिली गेली; त्यांपैकी २,७६३ पत्रांवर आईबापांच्या जागी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या निघाल्या. ही मोजणी होऊ शकली कारण पत्रे शिल्लक होती आणि कोणते पत्र कोणाचे हे सांगता येत होते. त्या मुलींच्या आईबापांना कोणी विचारले नाही, ही गोष्ट जगापुढे आली ती कागद जपले गेले म्हणून. नोंद नसती, तर तक्रार हवेत विरली असती.

तामसीच्या बाजारात बसणारी कोलाम बाई किंवा मराठी बोलणारा शेतमजूर यांना या प्रणालीचे नावही ठाऊक नाही. त्यांच्या हाताचा अंगठा मात्र तिच्यात आहे. त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले गेले होते की नाही, याचा एकमेव साक्षीदार म्हणजे कोष्टकातला एक अंक. तो साक्षीदार फितूर होऊ नये, एवढेच आमचे काम. हे काम दिसत नाही, त्याचा सत्कार होत नाही, त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूदही बहुधा नसते. नवे यंत्र घ्यायला पैसा मिळतो. जुने कोष्टक नीट ठेवणाऱ्या माणसाला मिळत नाही.

म्हणून शेवटी आपणा सर्वांना, विशेषतः आश्रयदात्यांना, एक विनंती करतो. आपल्या ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे काम हाती घेतल्याचे कार्यवाहांनी मला सांगितले. ती आनंदाची वार्ता आहे. या कामात जुन्या दाखल नोंदवह्या अडगळ वाटू लागतील. 'सगळ्याच पुस्तकांना एकपासून नवे क्रमांक देऊन टाकू, मधल्या रिकाम्या जागा भरून काढू,' असे कोणी उत्साही तरुण म्हणेल. मीही एके काळी तो उत्साही तरुण होतो! त्याला प्रेमाने थांबवा. जुना दाखल क्रमांक तसाच संगणकात उतरवा. बाद झालेल्या पुस्तकांच्या ओळीही उतरवा. शंभर वर्षांत काय आले याइतकेच काय गेले, केव्हा गेले आणि कोणाच्या सहीने गेले, हाही या ग्रंथालयाचा इतिहास आहे. नव्या यंत्रासाठी देणगी द्याल, त्यातला लहानसा वाटा त्या नोंदवह्यांच्या बांधणीला आणि त्या सांभाळणाऱ्या हाताला द्या.

आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे आपल्या नोंदी सांभाळल्या, म्हणून आज शताब्दी साजरी करताना आपल्याला पहिले पुस्तक कोणते हे सांगता येते. दुसऱ्या शताब्दीलाही आपल्या नातवंडांना ते सांगता यावे, ही सदिच्छा व्यक्त करतो.